बँकेने कापलेले पैसे परत कसे मागावेत?



ऊस कारखान्याला गेला, बिल खात्यावर जमा झाले, की आपण बँकेत जाऊन पासबुक भरून आणतो आणि त्यातील शेवटचा आकडा तेवढा पाहतो. शिल्लक किती राहिली? मधल्या ओळी सहसा कोणी वाचत नाही. काजूच्या तोलात व्यापाऱ्याने पाव किलो मारला तर आपण भर बाजारात आवाज चढवितो. पण बँकेने महिन्याकाठी पन्नास-साठ रुपये कापले तर "बँकेचा काहीतरी नियम असेल" म्हणून पासबुक पुन्हा पेटीत ठेवतो. बँकेला नियम असतात हे खरे. पण नियम खातेदाराच्या बाजूचेही असतात, आणि ते बँकेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावलेले नसतात.

आमच्या शेजारच्या वाडीतील एका शेतकऱ्याची हकीकत प्रथम सांगतो. भात आणि थोडा ऊस एवढीच त्याची शेती. दूध घालण्यासाठी त्याने कर्जाने मोटारसायकल घेतली होती. तिचा १,९५० रुपयांचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला बचत खात्यातून परस्पर जात असे. त्या महिन्याच्या १ तारखेस खात्यात १,९८५ रुपये होते, म्हणजे हप्ता बिनबोभाट जावयास हवा होता. पण ३ तारखेला बँकेने "किमान शिल्लक ठेवली नाही" म्हणून ५० रुपये आकार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे ५९ रुपये कापले. राहिले १,९२६. पाच तारखेला हप्ता आला आणि २४ रुपयांसाठी परत गेला. हप्ता परत गेल्याबद्दल बँकेने २५० रुपये व जीएसटी ४५, असे २९५ कापले. दहा तारखेला कंपनीने हप्ता पुन्हा पाठविला. आता तर पैसे आणखीच कमी होते. पुन्हा २९५. कंपनीने आपला दंड लावला तो निराळाच. पासबुकात शिल्लक उरली १,३३६. म्हणजे बँकेने एकंदर ६४९ रुपये घेतले आणि त्याचे मूळ ते ५९ रुपये.

तो मॅनेजरांकडे गेला. उत्तर मिळाले, "हे कॉम्प्युटर आपोआप कापतो, आमच्या हातात काही नाही." हे उत्तर आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेले असेल. कॉम्प्युटरला कोणी तरी सांगितल्याशिवाय तो एक पैसाही कापत नाही, आणि त्याला काय सांगावे याबद्दल रिझर्व्ह बँकेने बँकांना बांधून घातलेले आहे.

किमान शिलकीसंबंधी रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक २० नोव्हेंबर २०१४ चे आहे आणि ते १ एप्रिल २०१५ पासून लागू झाले. त्यातील चार गोष्टी शेतकऱ्याने तोंडपाठ ठेवाव्यात. पहिली, शिल्लक कमी पडल्याचे बँकेने संदेशाने, ई-मेलने किंवा पत्राने कळवावयास हवे, आणि एक महिन्याच्या आत भरणा झाला नाही तर दंड लागेल असे त्यात स्पष्ट लिहावयास हवे. दुसरी, दंड सरसकट लावता येत नाही. जेवढी तूट त्या प्रमाणात लावावयाचा. शंभर रुपये कमी पडलेल्याला आणि नऊशे कमी पडलेल्याला एकच दंड हे या नियमात बसत नाही. तिसरी, दंड वाजवी असावा, बँकेच्या सेवेला पडणाऱ्या खर्चाच्या मानाने भलताच जास्त नसावा. आणि चौथी, निव्वळ या दंडामुळे बचत खाते शून्याच्या खाली, उण्यात जाता कामा नये. खाते उणे झाले आणि पुढे उसाचे बिल किंवा नुकसानभरपाई जमा होताच बँकेने ती तूट वळती करून घेतली, अशा तक्रारी ऐकू येतात. त्या चौथ्या गोष्टीवर बोट ठेवून मागता येतात.

ज्या खात्यावर दोन वर्षे खातेदाराने काहीच व्यवहार केलेला नाही, ते खाते निष्क्रिय ठरते. अशा खात्यावर किमान शिलकीचा दंड लावण्यास बँकेला मनाई आहे. अनुदानासाठी कधीकाळी उघडलेली आणि मग विसरलेली खाती आपल्या घराघरांत आहेत. ती एकदा काढून पाहावीत. ज्यांना हजार-दोन हजार कायम खात्यात अडकवून ठेवणे परवडत नाही, त्यांनी आपले खाते मूलभूत बचत खात्यात बदलून मागावे. २०१२ पासून ही सोय प्रत्येक बँकेत आहे व तिला किमान शिलकीची अट नाही. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. स्टेट बँकेने २०२० साली किमान शिलकीचा दंडच काढून टाकला आणि २०२५ साली आणखी काही सरकारी बँकांनी तेच केले. आपल्या बँकेचे काय, हे शाखेत विचारून घ्यावे. आकारांचा तक्ता दाखविणे हे शाखेचे कर्तव्य आहे, उपकार नव्हे.

आता आपल्या शेतकऱ्याकडे परत येऊ. त्याला शिलकीचा संदेश आलाच नव्हता. बँक म्हणाली, पाठविला होता. चौकशी केली तेव्हा कळले की संदेश जुन्या नंबरावर गेला होता. तो नंबर बंद होऊन वर्ष लोटले होते. येथे बहुतेकांची बाजू पडते. याची पडली नाही, कारण नवा नंबर नोंदविण्याचा अर्ज त्याने आठ महिन्यांपूर्वी दिला होता आणि त्याच्या दुसऱ्या प्रतीवर बँकेचा शिक्का व तारीख घेऊन ठेवली होती. ती प्रत त्याच्या बायकोने रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवली होती म्हणून सापडली, हेही सांगावयास हवे. त्याने लेखी अर्ज दिला. शाखेने ५९ रुपये चार दिवसांत परत केले, पण हप्ता परत गेल्याचे ५९० देण्यास नकार दिला. त्याने तो नकार लेखी मागितला, वरच्या तक्रार अधिकाऱ्याकडे कागद पाठविले आणि एवढेच लिहिले की, ३ तारखेचे ५९ रुपये तुम्हीच चुकीचे म्हणून परत केले; ते कापले नसते तर ५ तारखेला १,९८५ शिल्लक होती आणि हप्ता १,९५० चा होता; मग हप्ता कोणाच्या चुकीने परत गेला? तीन आठवड्यांनी ५९० जमा झाले. मोटारसायकलीच्या कंपनीचा दंड मात्र त्याला स्वतःच सोसावा लागला. तोही बँकेकडून मागता आला असता, पण त्याची पावती त्याने घेतलेली नव्हती.

या हकीकतीत अर्जाची भाषा किती साधी होती ते पाहावे. रागाचा एक शब्द नाही, आकडे मात्र चोख. आमचे असे मत आहे की दहा ओळींचा अर्ज पुरतो, आणि तो साधारण असा लिहावा : "माझ्या अमुक क्रमांकाच्या बचत खात्यातून अमुक तारखेस अमुक नावाने इतके रुपये कापले गेले आहेत. हा आकार कोणत्या नियमाने लावला, त्याची पूर्वसूचना मला कोणत्या तारखेस व कोणत्या मार्गाने दिली, हे लेखी कळवावे. तशी सूचना दिली नसल्यास ही रक्कम माझ्या खात्यात परत जमा करावी. सोबत पासबुकाच्या पानाची प्रत जोडली आहे." खाली सही, तारीख, फोन नंबर. अर्ज दोन प्रतींत करावा आणि एका प्रतीवर शाखेचा शिक्का, सही व तारीख घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नये. शिक्का देण्यास कोणी टाळाटाळ केली तर तोच अर्ज पोस्टाने नोंदणी करून पाठवावा. पोस्टाची पावती हीच पोच. सीमाभागात अर्ज मराठीत द्यावा की कन्नडात, हा प्रश्न नेहमी येतो. मराठीत खुशाल द्यावा. पण वरच्या कार्यालयात तो वाचणारा माणूस कोठला असेल सांगता येत नाही, म्हणून शाळेतील एखाद्या गुरुजींकडून इंग्रजी भाषांतर करून जोडल्यास काम लवकर होते.

बँकेची प्रत्येक कपात अन्यायाची असते असे मात्र नव्हे. खात्यात पैसे नसताना आपण चेक दिला आणि तो परत आला, तर आकार द्यावाच लागतो. फुकट मिळणाऱ्या संख्येहून जास्त वेळा एटीएममधून पैसे काढले, तर तेही तसेच. अशा ठिकाणी भांडत बसल्याने खऱ्या तक्रारीचे वजन कमी होते.

यापुढचा भाग पीककर्जाचा, आणि तेथे रकमा मोठ्या असतात. किसान क्रेडिट कार्डाची योजना १९९८ साली सुरू झाली. तिचे स्वरूप व्यापाऱ्यांच्या ओव्हरड्राफ्टसारखेच आहे : मंजूर मर्यादेपर्यंत लागतील तसे पैसे उचलावेत, आले की भरावेत, लागले तर पुन्हा उचलावेत. व्याज फक्त उचललेल्या रकमेवर आणि तेवढ्याच दिवसांचे. पण पुष्कळ शाखांत मर्यादा मंजूर होताच सगळीच्या सगळी रक्कम एकदम शेतकऱ्याच्या बचत खात्यात टाकली जाते. लावणीला लागतात चाळीस हजार, व्याज मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण रकमेवर चालू. कर्जाच्या कागदावर सही करतानाच "रक्कम कार्ड खात्यातच राहू द्यावी, मी लागेल तशी उचलीन" असे सांगावे, आणि शक्य तर लिहून द्यावे.

व्याजाचा हिशेब घरी करता येतो. रक्कम गुणिले व्याजाचा दर गुणिले दिवस, भागिले ३६,५००. समजा १० जूनला १,२०,००० रुपये उचलले आणि पुढच्या १० मार्चला भरले. दिवस झाले २७३. तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जाला सरकारी सवलतीत ७ टक्के दर पडतो. व्याज येते ६,२८३ रुपये. मुदतीच्या आत भरणाऱ्याला ३ टक्क्यांची आणखी सूट आहे; ती २,६९३ होते. म्हणजे खरे व्याज ३,५९० रुपये. ही सूट बँक आपल्या खिशातून देत नाही, सरकारकडून येते. म्हणून ती काही महिने उशिरा जमा होते, आणि कधी कधी जमा करावयाची राहूनच जाते. मुदतीत भरणा केलेल्या प्रत्येकाने पुढच्या वर्षी कर्जाचे नवे-जुने करण्यापूर्वी मागच्या वर्षाची सूट खात्यावर आली की नाही हे उताऱ्यावर बोट फिरवून पाहावे. आमच्या मते आपल्या भागात शेतकऱ्याचे सर्वांत जास्त पैसे येथेच राहून जातात, कारण न आलेल्या पैशाची ओळ पासबुकात छापली जात नाही. भरणा एक दिवस उशिरा झाला तरी मात्र सूट जाते, आणि त्याबद्दल तक्रार चालत नाही.

तीन लाखांपर्यंतच्या कार्डावर कागदपत्रांचा खर्च, प्रक्रिया शुल्क, पाहणी शुल्क, खातेपुस्तकाचा आकार हे सर्व २०१९ च्या फेब्रुवारीत माफ करण्यात आले. तरी "इन्स्पेक्शन" किंवा "फोलिओ" अशा नावाने दोनशे-चारशे रुपये पडलेले दिसले तर त्याचा जाब विचारावा.

थकबाकीच्या दंडाचेही असेच आहे. पूर्वी बँका मूळ व्याजदरावर दोन टक्के दंडव्याज चढवीत आणि ते मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज आकारीत. रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने हे बंद केले. २०२४ पासून दंड हा केवळ दंडआकार म्हणून वेगळा लावावयाचा, व्याजाच्या दरात मिळवावयाचा नाही आणि त्यावर व्याज धरावयाचे नाही. पीककर्जावरील चालू व्याजावर दर महिन्याला किंवा तिमाहीला चक्रवाढ लावता येत नाही, हे तर फार जुने आहे. शेतकऱ्याची आवक हंगामाला, म्हणून व्याजही हंगामाला. कर्नाटकातून गेलेल्या एका दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ सालीच सांगितले की, रिझर्व्ह बँकेच्या आदेशाबाहेर जाऊन घेतलेल्या व्याजाची दखल न्यायालय घेऊ शकते.

आपल्या आजोबांच्या तोंडी "दामदुप्पट" हा शब्द असे. सावकाराने एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करू नये असा तो जुना दंडक. मुंबई इलाख्यातील न्यायालये तो पाळीत, पण ऋणको हिंदू असेल तरच. ख्रिस्ती कुळाला त्याचा आधार नव्हता. आज लहान व अत्यल्प भूधारक, म्हणजे पाच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याच्या अल्पमुदतीच्या पीककर्जाबाबत रिझर्व्ह बँकेने तोच दंडक बँकांना घालून दिला आहे : खात्यावर टाकलेले एकूण व्याज मुद्दलापेक्षा अधिक होता कामा नये. हा नियम कोणाचा धर्म विचारीत नाही. ज्यांच्या घरी पंधरा-वीस वर्षांची थकबाकी चालत आली आहे, त्यांनी पहिल्या उचलीपासूनचा खाते उतारा मागावा आणि मुद्दल किती, व्याज किती, हे दोन रकान्यांत मांडून पाहावे. तडजोडीला बसण्यापूर्वी हे करावे, सही झाल्यावर नव्हे.

विम्याच्या कपातीकडेही लक्ष असू द्यावे. पंतप्रधान पीकविमा २०२० च्या खरिपापासून कर्जदारांनाही ऐच्छिक झाला आहे. नको असेल तर शेवटच्या तारखेच्या सात दिवस आधी बँकेला लेखी द्यावे लागते. दिले नाही तर हप्ता कापला जातो आणि तो योग्यच ठरतो. पण बँकेने हप्ता कापला आणि पिकाचे नाव किंवा गाव चुकीचे भरल्यामुळे भरपाई बुडाली, तर ती भरून देण्याची जबाबदारी बँकेवर येते, हे योजनेच्या नियमांतच आहे. म्हणून हप्ता कापल्यावर विम्याची पावती मागून त्यावरील पीक, गाव व सर्व्हे नंबर आपल्या उताऱ्याशी ताडून पाहावा. वर्षाला ४३६ आणि २० रुपये अशा दोन कपाती दिसल्या तर त्या जीवन विम्याच्या व अपघात विम्याच्या आहेत. विमे चांगले आहेत, पण त्यांना तुमची संमती लागते, आणि वारसाचे नाव नोंदलेले आहे की नाही हेही विचारावे. नवरा वारल्यावर त्याच्या पासबुकातील त्या ४३६ च्या ओळीचा अर्थ घरच्यांना माहीत नसतो, आणि दोन लाखांचा दावा करावयाचाच राहतो.

शाखेने अर्जाला तीस दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. ही सोय १९९५ पासून आहे. १२ नोव्हेंबर २०२१ पासून ती एकत्रित झाली. फी नाही, वकील लागत नाही. उलट वकिलामार्फत केलेली तक्रार घेतलीच जात नाही. साध्या कागदावर लिहून रिझर्व्ह बँक, चौथा मजला, सेक्टर १७, चंदीगड १६००१७ या पत्त्यावर पाठविता येते. कसे लिहावे हे समजत नसेल तर १४४४८ या नंबरावर कामाच्या दिवशी फोन करावा. तेथे मराठीत बोलणारी माणसे असतात. दोन गोष्टी मात्र लागतात : बँकेला आधी लेखी तक्रार दिल्याचा पुरावा, आणि तीच बाब कोर्टात चालू नसणे. २०२१ च्या योजनेत बँकेच्या उत्तरानंतर एक वर्षाची मुदत होती. या मुदती बदलत असतात, म्हणून महिना संपताच पुढचा कागद पाठवावा हे बरे.

जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचे खातेदार पूर्वी या योजनेच्या बाहेर होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून तेही आत आले. गावची सोसायटी मात्र बँक नव्हे. तिच्या कपातीबद्दल तालुक्याच्या सहकार खात्यातील सहायक निबंधकांकडे अर्ज करावा लागतो, आणि तेथे पाठपुरावा जास्त करावा लागतो हे अनुभवाचे बोलणे आहे. त्या अर्जासोबत सोसायटीचे कर्जाचे पुस्तक आणि भरण्याच्या पावत्या जोडाव्यात. पावती न देता भरणा घेण्याची सवय जेथे असेल तेथे ती आधी मोडून काढावी.

ग्राहक आयोगाचा मार्गही मोकळा आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तेथे फी नाही. मुदत दोन वर्षांची, आणि ती कपात झाल्यापासून मोजतात. त्यासाठी पासबुक भरले की नवे घेताना जुने बँकेत टाकून येऊ नये.